टाकीजवळच्या आंब्याची नोंद

शहापूर, बेळगाव
18 मे

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी कणकुंबीच्या बसमध्ये चढताना तू मागे वळून पाहिले नाहीस. "झाडे मोजून कुणाचे पोट भरले आहे?" असे मी बोलायला नको होते, हे बस सुटण्याआधीच मला कळले होते, पण अण्णांचा हट्ट तुझ्यात उतरला तो माझ्यातूनच ना.

सोपवलेले काम मात्र चुकवलेले नाही. काल शनिवार, म्हणून सकाळी टाकीजवळच्या आंब्याखाली उभा राहिलो. मोहर: नाही. कच्ची फळे: थोडी. पिकलेली: पुष्कळ. झाडाच्या एक-तृतीयांशाहून जास्त भाग भरला असेल तरच 'पुष्कळ', हा सीझनवॉचचा, म्हणजे झाडांच्या मोहर-फळांच्या नोंदी ठेवणाऱ्या तुमच्या उपक्रमाचा, नियम मी आईला सांगितला, तर ती म्हणाली, पाडाचे जे आंबे खाली पडून मुंग्यांनी खाल्ले ते कोणत्या रकान्यात धरायचे? मला उत्तर देता आले नाही. मागे एकदा मी खाली न उतरता खिडकीतूनच नोंद भरली, तेव्हा 'नाही' आणि 'पाहिलेच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तू सुनावले होतेस. मंगळवारपासून तुझा फोन नाही. तो यांपैकी कोणत्या रकान्यात धरू?

अस्वलाविषयी लिहायचे नाही असे ठरवूनच बसलो होतो. पण करवंदे पिकल्याचे तुला कळते तसे त्यालाही कळते, आणि तुझ्याप्रमाणेच तेही पहाटेच जाळीपाशी येते. भीमगड 2011 साली अभयारण्य झाले, तरी अस्वल पाटी वाचून हद्दीत राहत नाही. एकटी जाऊ नकोस, मोठ्याने बोलत चाल, कानात गाणी घालू नकोस, आणि दादाकाकांचा खांदा आठव. पाहा, पुन्हा उपदेश सुरू झाला. क्षमा कर.

सहा वर्षांची असताना पावशा पहिल्यांदा ओरडला की तू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारायचीस. आईने त्या फुल्या दुधाच्या खाड्याच्या समजून गवळ्याचे चार दिवसांचे पैसे कापले, आणि तो बिचारा अंगणात उभा राहून शपथा घेत होता. ते कॅलेंडर मी फेकलेले नाही. माळ्यावरच्या निळ्या पेटीत आहे.

परवा बागेतल्या बाकावर एकाने मी बोललो तेच वाक्य बोलून दाखवले, तेव्हा मला भयंकर राग आला. क्योटोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात, म्हणूनच 2021 साली 26 मार्चचा पूर्ण बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा होता हे जगाला कळले, असे मी त्याला तुझ्याच शब्दांत सांगितले. माझी मुलगी हेच काम करते, असेही सांगितले. तू अस्वलांच्या रानात एकटी हिंडतेस, हे सांगितले नाही.

जून लागला की जांभळे पिकतील, आणि तीही त्याला आवडतात. तेव्हा तरी कुणाला सोबत घे.

मुंग्यांनी खाल्लेल्या आंब्यांचे काय करायचे, ते फोन करून सांग. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.

तुझा,
बाबा