मिशनरी डॉक्टरचे मोल कशावरून ठरवायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आफ्रिकेच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी डॉक्टरांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आणि त्यावरची वाचकांची पत्रे वाचली. लेखात त्यागाचे गुणगान आहे, तर पत्रांत धर्मांतराचा संशय; पण दोन्हींकडे नजर खिळली आहे ती परदेशातून आलेल्या एकट्या डॉक्टरवरच. त्याच्यासोबत राबणारे स्थानिक डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी कोणाच्याच हिशेबात नाहीत. मिशन रुग्णालयाचा कस मात्र, माझ्या मते, या माणसांवरूनच लागतो.

एकाकी डॉक्टरची ही प्रतिमा रुजली ती बऱ्याच अंशी मिशनरी डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यामुळे. १९१३ मध्ये ते आजच्या गॅबॉनमधील लांबारेने येथे गेले, त्यांना १९५२ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आणि १९६५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. परंतु आफ्रिकी माणसाला ते बरोबरीचा मानत नाहीत, ही टीका त्यांच्या हयातीतच झाली होती आणि ती निराधार नव्हती.

सेवाभाव असला की बाकीचे निभावते, हा समज किती महाग पडतो हे १९७६ मध्ये तेव्हाच्या झैरेतील (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) याम्बुकू येथे दिसले. बेल्जियन मिशनऱ्यांचे तिथले १२० खाटांचे रुग्णालय आसपासच्या अनेक गावांचा आधार होते; डॉक्टर मात्र त्या वेळी तिथे कोणी नव्हता, सगळा भार सिस्टर (ख्रिस्ती जोगिणी) आणि स्थानिक कर्मचारी वाहत होते. रोज सकाळी पाच सिरिंज आणि सुया काढून दिल्या जात आणि बाह्यरुग्ण, गर्भवतींची तपासणी व वॉर्ड या सगळ्यांचे काम त्यांवरच भागवले जाई. एकाला इंजेक्शन दिले की सुई कधी कोमट पाण्याच्या भांड्यात खळबळायची आणि पुढच्याच्या दंडात टोचायची. इबोलाच्या पहिल्या ज्ञात साथींपैकी एक अशी पसरली: ३१८ रुग्ण, २८० मृत्यू. रुग्णालयाच्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ जण दगावले आणि अखेर दाराला कुलूप लागले. आजाऱ्यांना टाकून न जाणाऱ्या त्या सिस्टरांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही, पण निष्ठेने सुई निर्जंतुक होत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण उत्तर युगांडातील गुलूजवळच्या लाकोर रुग्णालयाचे आहे. ते १९५९ मध्ये कॅथलिक कंबोनी मिशनने सुरू केले आणि १९६१ पासून इटालियन डॉक्टर पिएरो कोर्ती व त्यांच्या पत्नी, कॅनेडियन शल्यचिकित्सक लुसिल टीसडेल, यांनी ते नावारूपाला आणले. युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करताना लुसिल यांना एचआयव्हीची लागण झाली. १९८५ मध्ये निदान झाल्यावरही त्या काम करीत राहिल्या आणि १९९६ मध्ये गेल्या. लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले असते, तर कथा बहुधा इथेच संपली असती. माझ्या दृष्टीने या दांपत्याचे मोठे काम वेगळेच आहे. हे रुग्णालय पुढे युगांडाच्या माणसांनीच चालवावे, या हेतूने त्यांनी तरुण डॉक्टर घडवले, आणि मॅथ्यू लुक्विया त्यांपैकी एक होते.

ऑक्टोबर २००० मध्ये लाकोरला रक्तस्राव होऊन रुग्ण दगावू लागले तेव्हा लुक्विया कंपालात पुढचे शिक्षण घेत होते. बोलावणे येताच ते परतले, रात्री बसून रुग्णांच्या नोंदी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेशी ताडून पाहिल्या आणि इबोलाचा संशय धरून प्रयोगशाळेचा निर्वाळा येण्याआधीच वेगळा कक्ष उभारला. सहकारी डोळ्यांदेखत मरत असल्याने परिचारिकांचा धीर सुटला, काम थांबण्याची वेळ आली. तेव्हा ज्यांना जायचे त्यांनी जावे, आपण मात्र इथेच राहू, असे त्यांनी सांगितले. बहुतेक जणी थांबल्या. स्वतः लुक्विया ५ डिसेंबरला, वयाच्या ४३ व्या वर्षी, याच रोगाने गेले. लाकोरच्या आवारात लुसिल यांच्या शेजारीच त्यांना पुरले आहे. साथीत ४२५ जणांना लागण झाली, २२४ दगावले. पण रुग्णालय बंद पडले नाही. याम्बुकू आणि लाकोर यांत २४ वर्षांचे अंतर आहे, ज्ञानही वाढले होते हे खरे. तरीही प्रशिक्षित स्थानिक नेतृत्वाने जो फरक पडला, तो नजरेआड करता येणार नाही.

धर्मप्रसाराच्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन की, उपचाराला प्रार्थनेची अट घालणे गैर आहे आणि तशी अट कुठे असेल तर तिथे टीका व्हायलाच हवी. परंतु मलावीसारख्या देशात ख्रिस्ती रुग्णालये सरकारशी सेवाकरार करून चालतात, तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार सरकार देते आणि करार असलेल्या ठिकाणी बाळंतपणाचा खर्च सरकार उचलते. अशा व्यवस्थेला सरसकट ‘आमिष’ ठरवणे म्हणजे तिथल्या सरकारला आणि जनतेला दूधखुळे समजणे होय. शिवाय मलावीच्या खेड्यांत सिझेरियनचा मोठा भार उचलतात ते डॉक्टरची पदवी नसलेले, पण त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर, ही बाब लेखात यायला हवी होती.

दोन आठवड्यांसाठी येऊन शस्त्रक्रियांचा सपाटा लावणाऱ्या परदेशी पथकांचे लेखातले कौतुकही मला पटले नाही. पथकाचे विमान उडाल्यानंतर चिघळलेली जखम पाहायची असते ती तिथल्याच माणसांना, आणि तेव्हा फोटो काढायला कोणी नसते. येणाऱ्याने त्या देशाच्या वैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी, तिथली भाषा शिकावी, वर्षानुवर्षे राहावे आणि आपल्या हातची कला दुसऱ्याच्या हाती द्यावी; एवढी तयारी नसेल, तर पाठवायचा पैसा थेट तिथल्या परिचारिकांच्या शिक्षणाला गेलेला बरा.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा मजकूर येईल तेव्हा लाकोरमध्ये आज काम करणाऱ्या युगांडाच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना त्यात बोलू द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक