गाविलगडावर निदान पाट्या तरी लावा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला गाड्यांची रांग लागते, भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, फोटो, भाजलेलं कणीस अन् येताना रबडी, की झालं पर्यटन. गाविलगड तिथून अगदी जवळ, पण तिकडं वळणारे फार थोडे, अन् जे वळतात तेही बुरजावर रील काढून माघारी फिरतात. पोट्ट्यांना काय दोष द्यायचा, तिथं सांगणारंच कोणी नाही.

मागच्या रविवारी घरच्यांना घेऊन गेलो होतो. दिल्ली दरवाज्यावर दोन तोंडांचा पक्षी कोरलाय, चोचीत हत्ती धरलेले. पोरगी विचारते बाबा हा कोणता पक्षी, तर शेजारी उभे असलेले पुण्याचे पाहुणे म्हणे गरुड असेल. अहो, हा गंडभेरुंड, विजयनगरचं चिन्ह! वऱ्हाडची इमादशाही ज्यानं 1490 च्या सुमारास उभी केली तो फतेहउल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरकडचा हिंदू, लहानपणी बहामनींच्या हाती सापडलेला, म्हणून सुलतानाच्या किल्ल्यावर ही नक्षी आली असं जाणकार सांगतात. एवढी गोष्ट तिथं दोन ओळीत लिहायला काय जातं? पाटी होती, पण गंजून अक्षरं गेलेली.

अन् 15 डिसेंबर 1803 तर आमच्या शाळेतही नीट शिकवत नाहीत. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं डोंगरातून तोफा ओढत नेऊन उत्तरेकडून मारा केला, नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, किल्ला इंग्रजांनी घेतला, अन् दोनच दिवसांनी भोसले-इंग्रजांचा देवगावचा तह झाला. पुढं 1815 ला वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली, बाप्पा!

किल्ला मेळघाट वाघ प्रकल्पाच्या जंगलात आहे त्यामुळं नियम असणारच, रात्रीची मुक्कामाची सोय वगैरे नकोच, वाघाचं घर आहे ते. सिमेंटचे रस्ते अन् रंगीत लाइटा तर अजिबात नको, जे आहे ते खराब होईल. फक्त दरवाजे, तलाव, मोठी मशीद अन् तोफा, एवढ्या ठिकाणी मराठीत पाट्या लावा, इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेतही लावल्या तर उत्तमच. अन् आजूबाजूच्या गावांतल्या कोरकू पोरापोरींना शिकवून गाईड करा, त्यांना जंगल पाठ आहे, इतिहास आठ दिवसात शिकतील, वर घरी दोन पैसे येतील. तिकिटाच्या पैशातून एवढं व्हायला हरकत नसावी, संबंधित खात्यानं या सीझनच्या आत मनावर घ्यावं.

आपला,
एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती