विहिरीचं शेत बुडालं नव्हतं, बाबा

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की मधेच लाइन तुटते म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, सावकाश वाचा. गावच्या घराचे जुने कागद मिळाले. आणि बाबा, तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात ना की तुमच्या आजीच्या काळात विहिरीचं शेत बुडालं, सावकाराने गिळलं, तर तसं झालेलं नाही. ते तिने विकलं, आणि कशासाठी विकलं तेही लिहिलेलं आहे.

घर गावठाणात, त्यामुळे त्याला सातबारा नाहीच. सिटी सर्व्हे झाल्यावर प्रॉपर्टी कार्ड झालं त्यावर थेट आजोबांचं नाव, चौकशी नोंदवहीची नक्कल काढली तर तिथे नुसतं 'वडिलोपार्जित'. मग शेताकडून सुरुवात केली, कारण शेताला फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, असतात आणि फेरफारात माणसं सापडतात. 1919 चा फेरफार मिळाला. पणजोबा मयत, वारस मुलगा अज्ञान, अपाक आई. अज्ञान म्हणजे वयात न आलेला, अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि तो अज्ञान मुलगा म्हणजे आपले आजोबा, तीन वर्षांचे. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, पणजोबांची नोंद 1918 च्या ऑक्टोबरमधली, कारण 'ताप'. इन्फ्लुएंझाच्या साथीचेच ते दिवस. त्या पानावर वर-खाली सगळीकडे ताप, ताप, ताप, एकेका घरातली दोन-तीन नावं लागोपाठ. ते पान बघवत नाही.

घराचे व्यवहार मात्र दुय्यम निबंधकांकडच्या जुन्या वह्यांत निघाले. तिथे सूची क्रमांक 2 मिळकतीवरून केलेली असते, त्यामुळे कोणी कोणाला लिहून दिलं हे माहीत नसलं तरी गाव आणि वर्ष धरून शोधता येतं. त्यात 1911 ची मुदत खरेदी सापडली. पणजोबांनी 'घरखर्चाकरिता व मागील देणे वारण्याकरिता' घर सावकाराला लिहून दिलंय, मुदत पंधरा वर्षं, तेवढ्यात पैसे फेडले तर घर परत, नाहीतर कायमचं त्याचं. सगळं मोडीत आहे, मला एक अक्षर लागेना, मोडी शिकवणाऱ्या एका बाईंनी शेजारी बसून वाचून दिलं. चतुःसीमा ऐकताना तर मला घर दिसायलाच लागलं. पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस परसातला आड निमेनिम, म्हणजे अर्धा आपला, अर्धा शेजाऱ्यांचा. आई, शेजारचे आडावर हक्क सांगायचे म्हणून तुझी चिडचिड व्हायची ना, तो हक्क खरा आहे गं, 1911 पासून कागदावर आहे. आणि शेवटी 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह', म्हणजे काही म्हणता काही मागे ठेवलं नाही.

आता बघा, पणजोबा 1918 ला गेले आणि मुदत 1926 ला संपणार. पदरात लहान मूल, अंगावर कर्ज, आणि राहतं घर दुसऱ्याच्या नावावर. 1926 च्या वहीत एकाच महिन्यात दोन दस्त आहेत. पहिल्यात पणजीने अपाक म्हणून विहिरीचं शेत विकलं. अज्ञान मुलाची जमीन आईला खऱ्या गरजेशिवाय विकता येत नसे, विकली तर मुलगा मोठा झाल्यावर तो व्यवहार कोर्टात टिकेल याची खात्री नाही, म्हणून घेणारा कारण नीट लिहून घ्यायचा, आणि त्यामुळेच आज आपल्याला ते वाचायला मिळालं: 'राहते घर मुदतीत सोडविण्याकरिता'. दुसऱ्या दस्तात सावकाराने घर परत लिहून दिलंय. पहिल्याच्या शेवटी तिच्या नावापुढे एक छोटा गोल काढलाय आणि बाजूला 'निशाणी बांगडी'. लिहिता न येणाऱ्या बायकांची सही अशी असायची. मी त्या गोलावर बोट ठेवून बसले होते, बाईंनी पुढचं पान उलटलं तरी हात काढवेना.

बाबा, त्या शेतावरून घरात किती वर्षं तिला बोल लावला गेला. काकांसमोर पुन्हा विषय निघाला तर हे नक्की सांगा, नकला मी दोघांनाही पाठवतेय.

आता तुमच्याकडून मदत हवीय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतले कागद कोणाला रद्दीत देऊ देऊ नका, फाटले असतील तर सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, त्याने कागद कायमचा जातो. दिवसाउजेडी एकेक उलगडून पुढून-मागून फोटो काढून पाठवा, मागच्या बाजूला बरेचदा शेरे असतात. घडी उलगडत नसेल तर ओढू नका, मी आल्यावर बघू. आई, तू आत्याला फोन कर. पणजीचं माहेर कुठलं आणि माहेरचं नाव काय ते विचार. दस्तात, फेरफारात, सगळीकडे ती फक्त पणजोबांची बायको नाहीतर आजोबांची आई म्हणून आहे, तिच्या वडिलांचं नाव कुठेच नाही. आत्याला आजीकडून ऐकून माहीत असेल, आणि तिला आता विसरायला व्हायला लागलंय, तेव्हा उद्यावर टाकू नकोस.

तुमची,
ताई