सभासदांना सूचना : सायकलीला साखळी लावा

वाचनालयाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मागच्या बाजाराच्या दिवशी आपल्या ओट्यासमोरून एक सायकल चोरीला गेली. कुलूप लावलेलं होतं! पण मागच्या चाकाचं कुलूप फक्त चाक अडवते. सायकल उचलून गाडीत टाकायला एक माणूस पुरतो. यापुढे साखळी आणा. मधल्या दांड्यातून आणि मागच्या चाकातून ओवून खिडकीच्या गजाला बांधा. गोठ्यातली जुनी बैलाची साखळीही चालते, लाजू नका. नुसतं पुढचं चाक बांधलं तर पान्यानं दोन नट ढिले केले की चाक तुमचं, सायकल त्याची.

आजच घरी सायकल उलटी करा. पायडलच्या धुऱ्याखालचा चिखल खरवडला की बहुतेक सायकलींवर ठोकलेला नंबर दिसतो. त्याचा फोटो काढून बिलासोबत ठेवा. सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकली असलेल्या पोरींनी तर नक्कीच, त्या साऱ्या एकसारख्या. पोलीस ठाण्यात "निळी सायकल" सांगून काय सापडणार?

फाट्यावर सायकल ठेवून एसटीनं तालुक्याला जाणाऱ्यांनी टपरीवाल्या भाऊच्या भरवशावर राहू नये. चोरी झाल्यास लगेच 112 वर कळवावे.

– सचिव