नियम बदलणाऱ्यानेच पैसे भरावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा लेख वाचला. खेळाडूंच्या बदलीचे, म्हणजे एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाण्याचे, नियम स्पष्ट होईपर्यंत फुटबॉल क्लबांनी खिसे शिवून ठेवावेत, असा सल्ला आपल्या लेखकाने दिला आहे. क्लबांच्या 'उधळपट्टी'वर दोन परिच्छेद खर्ची घातले आहेत. ज्यांनी क्लबाची जमाखर्चाची वही कधी हातात धरली नाही, त्यांनाच असे सल्ले सुचतात. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका गावच्या क्लबाचा खजिनदार आहे, म्हणून राहवले नाही.

आधी युरोपविषयी, कारण लेखकाचे सगळे दाखले तिकडचेच आहेत. लासाना दिआरा या फ्रेंच फुटबॉलपटूच्या खटल्याचा निकाल ४ ऑक्टोबर २०२४ रोजी लागला, फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांना युरोपच्या न्यायालयाने फटकारले आणि आता कोण खेळाडू करार मोडून कधी चालू लागेल याचा भरवसा उरला नाही, म्हणून पैसे गुंतवू नयेत, असे लेखक म्हणतात. ठीक. मग त्यानंतरच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या क्लबांनी काय केले? न्यूकॅसलकडून खेळायचे नाही म्हणून रुसून बसलेल्या इसाक या स्ट्रायकरसाठी लिव्हरपूलने १ सप्टेंबर २०२५ रोजी साडेबारा कोटी पौंड मोजले. त्यांना दिआराचा निकाल ठाऊक नव्हता असे थोडेच आहे? त्यांच्या पदरी वकिलांची फौज आहे, एवढाच फरक.

लीड्स या इंग्लिश क्लबाचे उदाहरण तर लेखकाने उलटेच वापरले आहे. २००० साली युरोपीय आयोग एका क्लबाने दुसऱ्याला द्यायची बदलीची रक्कमच मोडीत काढणार अशी आवई होती आणि त्याच नोव्हेंबरात लीड्सने रिओ फर्डिनंडसाठी १ कोटी ८० लाख पौंड दिले, हे खरे. लीड्स २००४ मध्ये खालच्या श्रेणीत घसरले, हेही खरे. पण मधला २००२ चा उन्हाळा लेखकाने गिळला. फर्डिनंडला मँचेस्टर युनायटेडला विकून लीड्सने नफाच कमावला होता! क्लब बुडाला तो डोईजड कर्जाने. बदलीच्या नियमांचा त्यात काडीचा संबंध नाही.

असो. लंडन-माद्रिदचे त्यांचे ते पाहतील. आपल्याकडचे बोला.

२०२४-२५ ची आय-लीग, म्हणजे देशातली दुसऱ्या श्रेणीची लीग, आठवा. एप्रिलमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयाने आपले चर्चिल ब्रदर्स विजेते ठरले, वार्का गावात जल्लोष झाला आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातल्या क्रीडा लवादाने विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशीला देऊन टाकले. भांडण कशावरून? कोणाची नोंदणी वैध आणि कोणाची अवैध, यावरून. इंटर काशीने मारिओ बार्को नावाच्या एका स्पॅनिश खेळाडूला आधी नोंदवले, तो जायबंदी झाला म्हणून दुसरा घेतला, मग पुन्हा त्यालाच नोंदवले. हे चालते की नाही, याचा निकाल हंगाम संपून पावसाळा निम्मा सरल्यावर, तोही परदेशात. यात इंटर काशीने बार्कोवर पैसे खर्चले ही चूक, की नोंदणी स्वीकारून नंतर गोंधळ घालणाऱ्यांची चूक? (मी चर्चिलचा माणूस. निकाल मला झोंबला. तरी विचारतो.)

अन्वर अली या बचावपटूचेही तेच. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी या क्लबांच्या ओढाताणीत सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यावर चार महिन्यांची बंदी आली, १२ कोटी ९० लाखांची भरपाई सांगितली गेली आणि काही दिवसांतच दिल्ली उच्च न्यायालयात तो आदेश मागे घेतला गेला. मंगळवारी एक, शुक्रवारी दुसरे. क्लबाने करायचे तरी काय?

आता आमचे ऐका, म्हणजे मी एवढा का चिडलो ते कळेल.

आमच्याकडे उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या आयोजकांची फ्लडलाइटची स्पर्धा असते. त्यांचे छापील पत्रक माझ्याकडे आजही फाइलला लावलेले आहे. 'बाहेरचे तीन खेळाडू चालतील' असे त्यात स्वच्छ लिहिले होते. आमच्या पोरांना गेली काही वर्षे गोल होत नव्हते, म्हणून कमिटीने ठरवले की सासष्टी तालुक्यातला एक स्ट्रायकर आणायचा. त्यासाठी आम्ही कुपने खपवली. पहिले बक्षीस मिक्सर, दुसरे प्रेशर कुकर. गावातल्या बायकांनी दोन-दोन कुपने घेतली ती मिक्सरच्या आशेने, फुटबॉलच्या नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यातून पंधरा हजार उचल त्या स्ट्रायकरला दिली. रोख. पावती घेतली, सही घेतली.

ड्रॉ काढायच्या रात्री आयोजकांचे सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, यंदा बाहेरचा एकही नाही, तालुक्याचा पत्ता असलेले आधार कार्ड दाखवा नि खेळा. मी पत्रक पुढे केले. त्यांनी ते माझ्याच हातात उलटे करून शेवटच्या ओळीवर बोट ठेवले : 'आयोजकांचा निर्णय अंतिम राहील.' मुंगीच्या डोळ्याएवढी अक्षरे.

तो स्ट्रायकर मात्र पहिल्या सामन्याला आला. निरोप मिळूनही आला. मोटारसायकलवरून, पाठीला बूट बांधून. आत सोडले नाही, तर दोरीबाहेर उभा राहून भजी-पाव खाल्ला आणि आमचा सामना शेवटपर्यंत पाहिला. आम्ही एक-शून्यने हरलो. मी उचलीचा विषय काढला तेव्हा शांतपणे म्हणाला, ''बाब, हांव खेळूंक आयलां, तुमीं खेळोवंक ना. पयशे परत कित्याक दिवचे?'' (मी खेळायला आलो, तुम्ही खेळवले नाही. पैसे परत का द्यायचे?) यावर काय बोलणार? त्याने त्या तारखांसाठी दुसऱ्या क्लबाला नाही म्हटले होते. त्याचे बरोबरच होते.

पंधरा हजार गेले ते गेलेच. सर्वसाधारण सभेत मला दोन तास उभे केले. ''खजिनदाराने कोणाला विचारून दिले?'' ज्यांनी स्ट्रायकर आणायच्या ठरावाला हात वर केले होते, तेच विचारत होते. काल आपल्या लेखात 'उधळपट्टी' वाचले आणि ती सभा जशीच्या तशी समोर उभी राहिली.

आणि फायनलला काय पाहिले असेल? आयोजकांच्या स्वतःच्या संघात एक अनोळखी पोरगा, दोन्ही पायांनी सारखा खेळणारा. चौकशी केली तर म्हणे त्याचे आधार कार्ड मावशीच्या घरच्या पत्त्यावर आहे. मावशी कोणती, हे अजून कोणी सांगितलेले नाही. इंटर काशीला निदान लोझानला जाता आले. आमचा लवाद म्हणजे पंचायतीसमोरचा चहाचा गाडा. तिथे निकाल रोज लागतो, अंमलबजावणी होत नाही.

तेव्हा 'नियम धूसर आहेत, म्हणून खर्च करू नका' हे मला मान्य नाही. खर्च थांबवला की काय होते हे गोव्याला कोणी शिकवायला नको. वरची लीग कोणती आणि खालची कोणती याचा पत्ता लागेना म्हणून २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देशाचे विजेते ठरलेले धेंपो! पैसे वाचले असतील त्यांचे. पण त्या क्लबांत जागा मिळेल म्हणून सकाळी सहाला मैदानावर जाणारी पोरे कुठे गेली? आमच्या गावचे दोघे बोटीवर नोकरीला लागले. ११ जुलै २०२५ ला आयएसएल, म्हणजे देशातली सर्वांत वरची लीग, थांबवल्याचे पत्र निघाले, तेव्हा काही क्लबांनी पगारच रोखले. खिसे शिवायचा सल्ला तिथे तंतोतंत पाळला गेला. त्यात भरडला गेला तो खेळाडू आणि मैदानावर गवत कापणारा. नियम लांबवणाऱ्यांपैकी कोणाचा पगार थांबला, हे आपल्या लेखकाने शोधून छापावे.

माझे म्हणणे साधे आहे. ज्या दिवशी क्लबाने पैसे दिले त्या दिवशी जो नियम छापील होता, तोच त्या हंगामापुरता धरावा. मध्येच बदलायचा असेल तर बदला, पण बदलणाऱ्याने क्लबाची उचल भरून द्यावी. फिफा असो, महासंघ असो, नाहीतर फ्लडलाइटवाले आयोजक असोत. मग बघा किती नियम ड्रॉच्या रात्री बदलतात ते.

जाता जाता आणखी एक. रोनाल्डो मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर येणार, येणार म्हणून आपण कितीतरी दिवस पाने रंगवलीत. २२ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सौदी क्लब अल नस्र आला, तो आला नाही. माझ्या भाच्याने त्याच्या नावावर तिकीट काढले होते, ते जाऊ द्या. पण त्या सामन्यात आपल्या ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला, एफसी गोवा १-२ ने हरले तरी लढून हरले. त्याचा वृत्तांत आमच्या गावात पोचणाऱ्या अंकात दुसऱ्या दिवशी नव्हताच. होता तो 'रोनाल्डो का आला नाही' हा मजकूर. रात्रीच्या सामन्यांचे निकाल आमच्याकडच्या अंकात कधीच नसतात. याविषयी मी पूर्वीही लिहिले होते, ते पत्र छापले गेले नाही.

यंदाच्या फ्लडलाइट स्पर्धेचे पत्रक परवाच आले. प्रवेश फी वाढली आहे, बाहेरचे दोन खेळाडू चालतील असे लिहिले आहे आणि तळाची ती ओळ आहे तशीच आहे. मी आयोजकांना लेखी विचारले आहे की हे 'दोन' ड्रॉच्या रात्रीनंतरही दोनच राहतील ना. उत्तर आले की त्याची प्रत आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एका क्लबाचा खजिनदार, पेडणे
(नाव छापू नये. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे.)