सुतळीच्या पुलाबद्दल आभार

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

तुम्ही शाळेत येऊन गेलात, पण आमच्या आठवीच्या वर्गात अजून पूलच चालू आहे. आभार तोंडी मानले होते; ते पुरेसे वाटले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

प्रकल्पाचा विषय बुडापेस्टचा साखळी पूल. मुलांचं पालुपद एकच, "म्हणजे आमच्या पणजीच्या अटल सेतूसारखाच ना?" तुम्ही उत्तर न देता दोन खुर्च्या मागवल्यात. पाठींवरून सुतळी टाकून मधल्या झोळाला फूटपट्टी टांगलीत, तशा खुर्च्या आत कलंडायला लागल्या. मग सुतळीची टोकं मागे ओढून दप्तरांखाली दाबलीत आणि खुर्च्या ताठ! साखळी पुलासारख्या झुलत्या पुलाचा सगळा ताण शेवटी काठावर जाऊन असा धरावा लागतो, हे पोरांना लगेच कळलं. नंतर झोळ काढून खुर्चीच्या पाठीवरून थेट पट्टीपर्यंत तिरक्या दोऱ्या बांधल्यात. हा २०१९ चा अटल सेतू. पणजीत राहून तो झुलता पूल म्हणणारे मोठे लोकही कमी नाहीत, ते असो.

इतिहासही तुम्ही तसाच रंगवलात. डॅन्यूब नदीवर पूर्वी होड्यांचा पूल असायचा आणि हिवाळ्यात बर्फामुळे तो काढून ठेवावा लागे. वडील वारले तेव्हा, १८२० साली, हंगेरीचा सरदार इश्त्वान सेचेनी आठवडाभर काठावर खोळंबला. पुढे त्यानेच पुलाचा ध्यास घेतला. आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्कचा, बांधकामावर देखरेख ॲडम क्लार्कची. दोघांचं नातं काही नाही, यावर वर्ग खूप हसला. १८४९ मध्ये पूल खुला झाला. मला स्वतःला आवडली ती टोलची गोष्ट: करमाफी असलेल्या सरदारांनाही इथे पैसे मोजावे लागले. पुलापेक्षा हेच बांधकाम अवघड असणार!

जर्मन सैन्याने माघार घेताना जानेवारी १९४५ मध्ये तो उडवला, हे सांगून तुम्ही तडक पणजीच्या मांडवी नदीवर आलात. १९७० चा आपला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि पणजीला जायला नदीपलीकडच्या बार्देशकरांना पुन्हा फेरीबोट. बेतीच्या धक्क्यावरची भर पावसातली रांग, भिजलेल्या मासळीच्या पाट्या, कामावर वेळेत पोहोचायची धांदल, हे सगळं तुम्ही पाहिलेलं. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. तीन पूल शेजारी शेजारी बघत वाढलेली ही मुलं गप्प ऐकत होती, आणि आमचा आठवीचा वर्ग गप्प बसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

बुडापेस्टचा पूल बरोबर शंभर वर्षांनी, २० नोव्हेंबर १९४९ ला, पुन्हा खुला झाला. ही तारीख मुलांनी तक्त्यावर लाल शाईने लिहिली आहे.

काका, आता जुवारी नदीच्या नव्या पुलावर प्रश्नांची यादी तयार आहे. चवथीनंतर एक सकाळ काढाल का? बसची सोय आम्ही करतो. काकूंनाही घेऊन या.

आपली नम्र,
आठवीची वर्गशिक्षिका