मेस्तांची मुले मेस्त का झाली नाहीत?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी पारंपरिक कारागिरांसाठी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचनात येतात, आणि त्यांच्या ओघात ‘नव्या पिढीला कष्ट नकोत, म्हणून गोव्यातील हातचे धंदे बुडाले’ हे वाक्यही कुणा ना कुणा वक्त्याच्या तोंडी हमखास असते. माझे वडील फोंडा तालुक्यातील सुतार होते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ते वारले. त्यांचे आयुष्य जवळून पाहिलेल्या मला हे वाक्य मान्य करता येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

बाबांना गावात सगळे ‘मेस्त’, म्हणजे कारागीर, म्हणूनच हाक मारीत. आजोबांच्या हाताखाली ते लहान वयातच लागले आणि पहिला बराच काळ पटाश्यांना धार लावण्यापलीकडे त्यांच्या हाती काही आले नाही, हे ते तक्रारीच्या नव्हे तर अभिमानाच्या सुरात सांगत. पुढे कौलारू घरांची छपरे, दारे-खिडक्या, देवघरे, पाळणे, पाट अशी पडतील ती कामे त्यांनी केली. चवथीच्या आधीचे दिवस त्यांच्यासाठी सर्वांत धावपळीचे असत, कारण कुणाची माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगायची, लाकडी चौकट वाळवीने खाल्लेली असे, तर कुणाला नारळ, केळीचे घड आणि सुपारीचे घोस यांचा भार पेलणारी नवीच हवी असे. गणपतीच्या या कामाचे पैसे ते घेत नसत. आईला हे फारसे पसंत नव्हते, आणि घरचा हिशेब तिच्याकडे असल्याने तिचेही चुकत नव्हते.

त्यांचे कसब समजून घ्यायचे तर त्यांनी बसवलेले दार पावसात पाहावे. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड आडव्या अंगाने फुगते, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाही. त्यामुळे दाराच्या चौकटीतील मधली फळी ते खोबणीत सैल सोडत आणि तिला सरसाचा थेंबही लागू देत नसत, कारण जखडलेली फळी उन्हाळ्यात आकसताना उभी चिरते. दाराच्या कडेची फट मोजायला त्यांच्या खिशात एक जुने चार आण्याचे नाणे असे. वैशाखात बसवलेल्या दाराच्या कडेला ते नाणे अलगद सरकले पाहिजे, आणि श्रावणात बसवलेल्या दारात ते अडले पाहिजे, असा त्यांचा नियम होता. आषाढात दार अडकते म्हणून रंधा मारून घेणाऱ्या आणि मग फाल्गुनात फटीतून उजेड येतो म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या घरमालकांची त्यांना मनापासून कीव येई.

मी आज शाळेत गणित शिकवते. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी बाबा एका बाजूवर तीन फुटांची आणि दुसरीवर चार फुटांची खूण करीत आणि दोन खुणांमधले अंतर मला मोजायला लावीत. ते बरोबर पाच फूट भरले तरच पुढचे काम होई. त्या प्रमेयाला नाव असते हे मला पुष्कळ नंतर कळले. माझा अभ्यास व्हावा म्हणून त्यांनी फणसाच्या फळ्यांचे उतरत्या माथ्याचे मेज केले होते. परीक्षेच्या दिवसांत घरापुढच्या मांडवात ठोकाठोकीचे काम ते घेत नसत. त्या दिवसांत फक्त पॉलिश पेपरने घासण्याची कामे चालत, आणि गिऱ्हाईक कितीही घाईचे असले तरी त्यात बदल होत नसे.

मात्र माझ्या भावाला त्यांनी रंध्याला हात लावू दिला नाही, आणि तोही हात लावायला उत्सुकच होता, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. त्यामागे तिरस्कार नव्हता, हिशेब होता. मंगळुरी कौलांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आले, लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियम आले, कारखान्यातून तयार दारे येऊ लागली. ज्या स्लॅबने छपराचे काम नेले त्याच स्लॅबच्या सेंटरिंगच्या फळ्या ठोकून बाबांनी आमच्या फिया भरल्या. काम असेल त्या दिवशी मजुरी, पाऊस लागला की घरी बसणे, कंबर धरली तर दवाखान्याचा खर्च आपलाच. आयुष्यभर राबलेल्या या माणसाला म्हातारपणी नियमित मिळाले ते दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये. अशा धंद्यात बाप आपल्या मुलाला कशाला ढकलील? त्यांनी भावाला अभियांत्रिकीला पाठवले, आणि त्याची पदवी हाती आली त्या दिवशी गावात पेढे वाटले. आमच्या घरातली सुतारकी कुणाच्या आळसाने संपली नाही. बापाने विचार करून, मुलांच्या भल्यासाठी ती संपवली. आसपासच्या अनेक मेस्तांच्या घरी हेच घडले आहे.

विश्वकर्मा योजनेत सुतारांसह १८ व्यवसाय आहेत, हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात, स्वस्त व्याजाचे कर्ज मिळते, आणि यांतले काहीच टाकाऊ नाही. परंतु तिचे मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे. तेवढ्या दिवसांत आधीच धंद्यात असलेल्या माणसाला नवे यंत्र दाखवता येईल. वैशाखातली फट आणि श्रावणातली फट यांतला फरक मात्र दोन्ही ऋतू हातांखालून गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, सरकारने जे थोडे जुने मेस्त अजून काम करीत आहेत त्यांच्याकडे मुलांना निदान वर्षभर विद्यावेतनावर ठेवावे आणि त्या मेस्तांनाही शिकवण्याचे मानधन द्यावे. देवस्थान समित्यांनी आणि जुन्या घरांच्या मालकांनी दुरुस्तीची कामे अशा जोड्यांना द्यावीत. शिकून वर्षाचे काम हाती राहील एवढी खात्री असती, तर बाबांचाही हिशेब कदाचित वेगळा झाला असता.

बाबांची हत्यारे, म्हणजे दोन रंधे, वाकस, गिरमिट, गुण्या आणि पटाश्यांचा संच, आम्ही तेल लावून ठेवली आहेत. गोव्यातील एखाद्या मेस्ताकडे खरोखर काम शिकत असलेल्या मुलाला किंवा मुलीला ती विनामूल्य देण्याची आमची इच्छा आहे. इच्छुकांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. अट एकच आहे, आणि ती बाबांचीच मानावी: पटाशीला धार स्वतः लावता आली पाहिजे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, फोंडा